सुवेझच्या कालव्याचा कर्ता : फर्डिनंड द लेसेप्स

विद्यार्थिमित्रहो, भूगोलाच्या तासाला आशिया व आफ्रिका या खंडांचा नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे त्या दोहोंना जोडणाऱ्या चिंचोळ्या भूमीवर उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेली एक बारीक निळी रेघ तुम्ही पाहतां. परीक्षेपुरतें तिचें नांव पाठ करून आपण पुढें जातों. परंतु ती रेघ निसर्गानें काढलेली नाहीं. ती मनुष्याच्या हातची आहे, आणि ती काढतांना पुष्कळांनीं आपले पैसे, पुष्कळांनीं आपले श्रम व कित्येकांनीं आपले प्राण वेंचले आहेत. ज्या पुरुषाच्या आग्रहामुळें ती निघाली तो इंजिनियर नव्हता आणि सावकारही नव्हता. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत तो फ्रान्सचा परराष्ट्र वकील म्हणून निरनिराळ्या देशांत नोकरी करीत होता; ती नोकरी अपमानानें संपली, आणि त्यानंतर तो एका प्रचंड कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याचें चरित्र जितकें उदयाचें आहे तितकेंच अस्ताचेंही आहे. आणि माझ्या मतें विद्यार्थ्यांनीं तें वाचण्याचें मुख्य कारण हेंच होय.

फर्डिनंड द लेसेप्स याचा जन्म ता. १९ नोव्हेंबर १८०५ रोजीं पॅरिसजवळील व्हर्साय येथें झाला. त्याच्या घराण्यांत परराष्ट्रखात्याची नोकरी वंशपरंपरा चालत आली होती. बाप माथ्यू हा कॉन्सल होता. चुलता बार्थेलमी हा ला पेरूझ या प्रसिद्ध नाविकाच्या सफरीवर गेला होता व त्या सफरीचे कागदपत्र घेऊन कामचाटकापासून सैबेरियाच्या बर्फांतून खुष्कीनें फ्रान्सला परत आला होता. फर्डिनंडची आई स्पेनमधील होती, आणि पुढें फ्रान्सची सम्राज्ञी झालेली युजेनी ही तिच्याच नात्यांतली. हें नातें पुढें फर्डिनंडच्या फार उपयोगी पडलें. अशा घरांत वाढलेल्या मुलानें दुसरा धंदा शोधण्याचें कारण नव्हतें. १८२५ सालीं तो पोर्तुगालांत लिस्बन येथें आपल्या चुलत्याच्या हाताखालीं उमेदवारीस लागला. नंतर कांहीं काळ ट्युनिसमध्यें बापाच्या कचेरींत होता. आणि १८३२ सालीं त्याची नेमणूक इजिप्तमध्यें अलेक्झांड्रिया येथें झाली.

तेथें एक लहानशी गोष्ट घडली. त्याच्या जहाजावर सांथीच्या रोगाचा संशय आल्यामुळें उतारूंना कांहीं दिवस किनाऱ्यावर पाय ठेवण्याची मनाई झाली. तरुण लेसेप्सचा वेळ जावा म्हणून वरिष्ठ कॉन्सलनें कांहीं पुस्तकें त्याच्याकडे पाठविलीं. त्यांत नेपोलियनच्या स्वारीबरोबर इजिप्तमध्यें गेलेल्या ल पेर नांवाच्या इंजिनियरचा एक अहवाल होता. भूमध्यसमुद्र व तांबडा समुद्र कालव्यानें जोडतां येतील काय, हा त्याचा विषय. ल पेरच्या मोजणींत एक मोठी चूक होती : तांबडा समुद्र दुसऱ्यापेक्षां सुमारें तीस फूट उंच आहे असें त्यानें ठरविलें होतें. १८४७ सालच्या नव्या मोजणीनें ही चूक उघडकीस आली व दोन्ही समुद्रांची पातळी जवळजवळ सारखीच असल्याचें सिद्ध झालें. परंतु १८३२ सालीं तो अहवाल वाचणाऱ्या त्या तरुणाच्या मनांत जें बीज पडलें तें बावीस वर्षें तसेंच राहिलें.

इजिप्तमध्यें असतांना लेसेप्सनें आणखी दोन गोष्टी मिळविल्या. पहिली लौकिक. १८३४-३५ च्या सुमारास तेथें प्लेगची भयंकर सांथ पसरली. पुष्कळ परदेशी लोक पळून गेले. हा मात्र कैरो व अलेक्झांड्रिया या दोन्ही शहरांतून निर्भयपणें रोग्यांच्या मदतीला फिरत राहिला. दुसरी गोष्ट मैत्री. इजिप्तचा सत्ताधीश महंमद अली याचा सैद नांवाचा मुलगा फार लठ्ठ होता. बापानें त्याचें खाणें तोडलें होतें व त्याला कडक व्यायाम लावून दिला होता. भुकेलेला सैद लेसेप्सच्या घरीं येई आणि तेथें त्याला गुपचूप मॅकरोनीची थाळी मिळे, असें सांगतात. एका उपाशी मुलाला दिलेल्या त्या जेवणाची परतफेड पुढें कशी झाली तें आपण पाहूंच.

इजिप्त सोडल्यावर रॉटरडॅम, मालागा, बार्सिलोना अशा ठिकाणीं त्याच्या बदल्या झाल्या. १८४२ सालीं बार्सिलोना शहरांत बंड होऊन त्यावर तोफा डागण्यांत आल्या, तेव्हां लेसेप्सनें आपल्या देशबांधवांचेच नव्हे, तर परदेशीयांचे व भांडणाऱ्या दोन्ही पक्षांच्या लोकांचेही प्राण वांचविले. १८४८ सालीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली आणि नव्या सरकारनें त्याला स्पेनच्या दरबारीं माद्रिद येथें आपला वकील नेमिलें. आपल्या घराण्याच्या परंपरेंत मिळण्यासारखा बहुतेक सर्व मान आतां त्याला मिळाला होता.

दुसऱ्याच वर्षीं सर्व पालटलें. रोमच्या लोकांनीं पोपची राजसत्ता नाकारून प्रजासत्ताक स्थापिलें होतें. मॅझिनी हा तेथील प्रमुख होता. फ्रेंच फौज सेनापति उदिनो याच्या हाताखालीं शहराबाहेर तळ देऊन बसली होती. १८४९ च्या मे महिन्यांत लेसेप्सला तडजोडीसाठीं रोमला पाठविण्यांत आलें. त्यानें हुकुमाचा अर्थ सरळ घेतला, मनापासून खटपट केली आणि महिनाअखेर करार पुराही केला. परंतु तेवढ्या अवधींत फ्रान्समध्यें निवडणुका होऊन राज्यकर्त्यांचें धोरण बदललें होतें. सेनापतीनें करार मानला नाहीं. लेसेप्सला परत बोलाविण्यांत आलें. चौकशी होऊन सारा दोष त्याच्या माथीं मारण्यांत आला. हुकुमाप्रमाणें वागणाऱ्या नोकराला हुकूम देणाऱ्यांनींच टाकून दिलें. चोवीस वर्षांची नोकरी त्यानें सोडली व तो शेतीकडे वळला.

मध्य फ्रान्समध्यें ला शेने येथें त्याच्या सासूची जमीन व जुना वाडा होता. तेथें तो सुधारलेल्या पद्धतीची शेती करूं लागला. १८५३ सालीं त्याची पत्नी व एक मुलगा यांना थोड्याच अंतरानें मृत्यु आला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या त्या विधुराकडे पाहून याचें आयुष्य आतां संपलें असेंच कोणीही म्हटलें असतें. पुढच्या वर्षीं तो वाड्यावर नवा मजला चढविणाऱ्या गवंड्यांबरोबर वर उभा असतांना टपाल आलें, असें सांगतात. त्यांत इजिप्तचा राज्यकर्ता अब्बास पाशा मरण पावल्याची बातमी होती. त्याच्या जागीं आलेला नवा राज्यकर्ता म्हणजे मॅकरोनीची थाळी खाणारा तो सैद !

१८५४ च्या नोव्हेंबरांत लेसेप्स अलेक्झांड्रियास पोंचला. सैद पाशा त्याला आपल्या फौजेबरोबर वाळवंटांतील छावणींत घेऊन गेला. ता. १५ रोजीं पहाटे लेसेप्सला आकाशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेलें इंद्रधनुष्य दिसलें व तो त्यानें शुभशकुन मानला. नोहाच्या कथेंतील इंद्रधनुष्य ज्यांना परिचित आहे त्यांना त्याचें मन ओळखतां येईल. त्याच दिवशीं त्यानें आपली योजना पाशापुढें मांडली, आणि ता. ३० रोजीं पाशानें कालवा खणण्याचा अधिकार त्याला लिहून दिला. कालवा सुरू झाल्यापासून ९९ वर्षें तो कंपनीच्या ताब्यांत राहावयाचा होता, आणि नफ्याचे शेंकडा १५ इजिप्तच्या सरकारास मिळावयाचे होते.

परवाना मिळाला, पण पुढें पांच वर्षें अडचणींचीं गेलीं. इजिप्तवर नांवाचें स्वामित्व तुर्कस्तानच्या सुलतानाचें होतें, आणि सुलतानाच्या दरबारीं इंग्लंडचें वजन मोठें होतें. हिंदुस्थानच्या वाटेवर फ्रेंचांचें ठाणें बसेल या भीतीनें इंग्लंडचा मुख्य प्रधान लॉर्ड पामर्स्टन या कामाच्या हात धुऊन पाठीस लागला. रॉबर्ट स्टीव्हन्सनसारख्या नामांकित इंजिनियरनेंही योजना अव्यवहार्य ठरविली. लेसेप्सनें रागावून घरीं बसण्याऐवजीं थेट इंग्लंड गांठलें आणि शहरोशहरीं सभा घेऊन तेथल्या व्यापाऱ्यांनाच आपली बाजू समजावून सांगितली. मुत्सद्देगिरींत कमावलेलें धैर्य, गोड वाणी आणि नकार ऐकून न खचण्याची संवय हेंच त्याचें खरें भांडवल होतें.

पैशाचें भांडवल उभें करण्याची वेळ १८५८ च्या अखेरीस आली. ५०० फ्रँकांचा एक असे चार लाख शेअर, म्हणजे वीस कोटी फ्रँक. मोठ्या पेढीच्या दलालीवर उगीच पैसा कां घालवावा, असा विचार करून त्यानें शेअर स्वतःच लोकांपुढें ठेवले. फ्रान्समधील लहानमोठ्या लोकांनीं दोन लाखांहून अधिक शेअर घेतले. इतर राष्ट्रांसाठीं राखून ठेवलेल्यांस मात्र गिऱ्हाईक मिळालें नाहीं. तेव्हां पावणेदोन लाखांहून अधिक शेअरांचा भार सैद पाशानें उचलला. लहानपणच्या मैत्रीची ही परतफेड इजिप्तच्या खजिन्यास फार महाग पडली.

ता. २५ एप्रिल १८५९ रोजीं भूमध्यसमुद्राच्या किनाऱ्यावर, जेथें पुढें पोर्ट सैद हें शहर वसलें तेथें, पहिली कुदळ पडली. सुमारें शंभर मैलांची ती भूमि. गोडें पाणी नाहीं, झाड नाहीं, गांव नाहीं. आरंभीं पाणीसुद्धां उंटांवरून आणावें लागे. म्हणून नाईल नदीपासून गोड्या पाण्याचा एक वेगळा कालवा आधीं आणण्यांत आला. तो १८६३ च्या अखेरीस सुवेझपर्यंत पोंचला.

आणि खणावयाचें कोणीं ? येथें या कथेतील काळी बाजू लपवून चालणार नाहीं. पहिलीं कांहीं वर्षें हें काम वेठीच्या मजुरांनीं केलें. करारानेंच पाशावर मजूर पुरविण्याचें बंधन घातलें होतें. महिन्याच्या पाळीनें वीस वीस हजार शेतकरी आपलीं शेतें टाकून सक्तीनें आणले जात. मजुरी ठरली होती, पण ती तुटपुंजी होती. पुष्कळजण कुदळीनें व हातांनीं माती उकरून टोपल्यांनीं वाहून नेत. किती मेले याविषयीं एकमत नाहीं. परंतु श्रम व रोग यांनीं पुष्कळ माणसें दगावलीं, आणि १८६५ सालीं पटकीच्या सांथीनेंही बळी घेतले. त्यांपैकीं एकाचेंही नांव इतिहासाच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. १८६३ सालीं सैद मरण पावला. त्याच्या जागीं आलेल्या इस्माइलनें वेठ बंद करण्याचा हट्ट धरला, इंग्लंडनेंही तेंच लावून धरलें, आणि तंटा फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यापुढें गेला. १८६४ सालीं त्यानें वेठ बंद केली, परंतु नुकसानभरपाई म्हणून व इतर हक्कांच्या मोबदल्यांत इजिप्तनें कंपनीस ८ कोटी ४० लाख फ्रँक द्यावे असें ठरविलें. यानंतर वाफेवर चालणारीं गाळ काढण्याचीं अजस्र यंत्रें आलीं, व ज्या कामाला माणसें अपुरीं पडत होतीं तें काम त्या यंत्रांनीं पुरें केलें.

ता. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं कालवा खुला झाला. सम्राज्ञी युजेनीचें जहाज सर्वांच्या पुढें होतें, ऑस्ट्रियाचा सम्राट व प्रशियाचा युवराज मागून येत होते. खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक झाला होता, तरी काम पुरें झालें होतें. त्याच महिन्यांत चौसष्ट वर्षांच्या लेसेप्सनें दुसरा विवाह केला. या पत्नीपासून त्याला बारा मुलें झालीं.

आपल्या मुंबईचें भाग्य या कालव्याशीं किती बांधलेलें आहे हें तुमच्या ध्यानांत असावें. पूर्वीं युरोप-अमेरिकेकडून हिंदुस्थानास येणाऱ्या जहाजांस आफ्रिकेला वळसा घालावा लागे. आमच्या भागांतील पहिले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती १८१२ च्या फेब्रुवारींत फिलाडेल्फियाहून निघाले, ते ऑगस्टांत कलकत्त्यास पोंचले. १८३० सालीं ह्यू लिंडसे ही आगबोट मुंबईहून सुवेझला गेली व टपालाची नवी वाट निघाली खरी, परंतु सुवेझपासून पुढें उतारूंना व सामानाला खुष्कीनें वाळवंट ओलांडावें लागे. कालव्यामुळें लंडन व मुंबई यांमधील अंतर चार हजारांहून अधिक मैलांनीं घटलें. पश्चिम किनाऱ्यावरील मुंबई हें हिंदुस्थानचें महाद्वार बनलें. १८७५ सालीं ससून डॉक व १८८० सालीं प्रिन्सेस डॉक तयार झाला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस लवकर बाहेर जाऊं लागला, त्याचप्रमाणें मँचेस्टरचें कापडही लवकर आंत येऊं लागलें. वाट दोन्ही बाजूंनीं चालते, हें या ठिकाणीं विसरूं नये.

पहिलीं वर्षें कंपनीस वाईट गेलीं. १८७० सालीं अवघीं ४८६ जहाजें कालव्यांतून गेलीं. परंतु शिडाच्या जहाजांची जागा आगबोटींनीं घेतली तशी भरभराट होत गेली. मात्र त्या भरभराटीचा वांटा इजिप्तला लाभला नाहीं. कर्जांत बुडालेल्या इस्माइलनें १८७५ सालीं आपले १,७६,६०२ शेअर सुमारें चाळीस लाख पौंडांस विकले, आणि ज्या इंग्लंडनें कालव्यास विरोध केला होता त्याच इंग्लंडचा प्रधान डिझरायली यानें ते विकत घेतले. लेसेप्सनें जुनें वैर मनांत न ठेवतां इंग्रज डायरेक्टरांबरोबर सलोख्यानें कारभार चालविला. इंग्लंडनेंही त्याचा गौरव केला होताच. व्हिक्टोरिया राणीनें त्याला स्टार ऑफ इंडियाचा मोठा किताब दिला होता. फ्रान्समध्यें त्याला थोर फ्रेंच पुरुष म्हणून लोक ओळखूं लागले.

कथा येथें संपती तर किती बरें झालें असतें ! परंतु १८७९ सालीं पॅरिस येथें एक परिषद भरली. अटलांटिक व पॅसिफिक हे महासागर मध्य अमेरिकेंत कालव्यानें कोठें व कसे जोडावे हा तिच्यापुढें प्रश्न होता. अध्यक्षस्थानीं त्र्याहत्तर वर्षांचा लेसेप्स होता, आणि त्याच्या मनांत निर्णय आधींच झालेला होता : पनामा येथें, समुद्रसपाटीनें, सुवेझप्रमाणेंच, दरवाजांवांचून. गोदँ द लेपिने नांवाच्या एका इंजिनियरनें परिषदेंत वेगळा मार्ग सांगितला. नदीस बांध घालून उंचावर सरोवर करावें व जहाजें पाण्याच्या पायऱ्यांनीं वर चढवून पलीकडे उतरवावीं, असें त्याचें म्हणणें होतें. त्याचें कोणीं ऐकलें नाहीं. सुवेझच्या वेळींही मोठमोठ्या इंजिनियरांनीं होणार नाहीं असें सांगितलें होतें आणि तें खोटें पडलें होतें. मग आतां इंजिनियरांचें ऐकावें तरी कशाला, असा लेसेप्सचा ग्रह झाला होता. एका यशानें त्याला शिकविलेला हा धडा चुकीचा होता.

सुवेझ सपाट, कोरडें, वाळूचें. पनामा डोंगराळ, दलदलीचें, धोधो पावसाचें. तेथील चाग्रेस नदी पुरांत पाहतां पाहतां चढे; कुलेब्राच्या डोंगरांत जितकें खणावें तितकेच कडे कोसळून खाच पुन्हां भरून येई. लेसेप्स १८८० च्या आरंभीं जागा पाहून आला, पण सोबतच्या तज्ज्ञांनीं केलेला ८४ कोटी ३० लाख फ्रँकांचा अंदाज त्यानें आपल्या हातानें कमी करून ६५ कोटी ८० लाखांवर आणला. लोकांचा विश्वास इतका कीं शेअरांवर उड्या पडल्या. १८८१ पासून काम सुरू झालें आणि मृत्यूही सुरू झाला. पीतज्वर व हिंवताप यांनीं सुमारें वीस हजार माणसें मेलीं. कामावरील मुख्य इंजिनियर दिंग्लेर याची मुलगी, मुलगा व पत्नी एकामागून एक तेथेंच गेलीं. इस्पितळांत मुंग्या चढूं नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवीत. त्याच पाण्यांत डांस वाढत व रोग्याचा रोग शेजाऱ्यास नेऊन देत. हें त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हतें. हिंवतापाचा डांसाशीं असलेला संबंध रोनाल्ड रॉस यानें आपल्या सिकंदराबादेस शोधून काढला तो पुढें १८९७ सालीं. अज्ञानाबद्दल लेसेप्सला दोष देतां येणार नाहीं. परंतु वाईट बातम्या दाबून चांगल्याच तेवढ्या भागीदारांना सांगत राहणें, हें अज्ञान नव्हे.

पैसा आटत चालला तसें कर्जावर कर्ज काढण्यांत आलें. वर्तमानपत्रांनीं स्तुति करावी म्हणून त्यांना पैसे चारण्यांत आले. पुढें लॉटरीचे रोखे विकण्यास कायद्याची मंजुरी हवी म्हणून कायदेमंडळांतील सभासदांनाही लांच देण्यांत आली. दरवाजांची योजना लेसेप्सनें १८८७ च्या अखेरीस स्वीकारली, पण तोंपर्यंत वेळ निघून गेली होती. १८८९ च्या फेब्रुवारींत कंपनीचें दिवाळें निघालें. सुमारें १४० कोटी फ्रँक बुडाले. ते गमावणारे सुमारें आठ लाख लोक बहुतेक सामान्य स्थितींतील होते : छोटे दुकानदार, शेतकरी, पेन्शनर, विधवा. सुवेझच्या म्हाताऱ्यावर भरंवसा ठेवून त्यांनीं आपली पुंजी त्याच्या हवालीं केली होती.

१८९३ च्या फेब्रुवारींत न्यायालयानें लेसेप्स व त्याचा मुलगा शार्ल यांस पांच पांच वर्षांची कैद सांगितली. म्हातारा तेव्हां सत्याऐंशी वर्षांचा होता; शरीर व बुद्धि दोन्ही थकलेलीं. त्याला तुरुंगांत नेण्यांत आलें नाहीं, आणि कांहीं महिन्यांनीं मुदतीच्या मुद्द्यावर ती शिक्षा वरच्या न्यायालयांत रद्द झाली. कैद शार्लला भोगावी लागली. आणि हें काम हातीं घेऊं नये असें बापाला आरंभीं विनविणारा तोच होता. ता. ७ डिसेंबर १८९४ रोजीं ला शेने येथें, गवंड्यांबरोबर उभा असतांना ज्या घरीं त्याला सैदची बातमी मिळाली होती त्याच घरीं, फर्डिनंड द लेसेप्स मरण पावला. पनामाचा कालवा पुढें अमेरिकेनें हातीं घेतला. डांसांचा नाश करून, नदीला बांध घालून, सरोवर व दरवाजे बांधून तो १९१४ सालीं खुला झाला. परिषदेंत ज्याचें कोणीं ऐकलें नव्हतें त्या लेपिनेचाच तो मार्ग होता.

पोर्ट सैद येथें लेसेप्सचा एक भव्य पुतळा १८९९ सालीं उभारण्यांत आला. ता. २६ जुलै १९५६ रोजीं इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनीं कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला. त्या रात्रीं अलेक्झांड्रियाच्या भाषणांत त्यांनीं लेसेप्सचें नांव उच्चारलें तीच कंपनीच्या कचेऱ्या ताब्यांत घेण्याची खूण होती. त्याच वर्षीं लोकांनीं तो पुतळा पाडला. वेठीस धरलेल्या शेतकऱ्यांचीं नातवंडें-पतवंडें त्या जमावांत असतील, तर त्यांना दोष कोणत्या तोंडानें द्यावा ?

विद्यार्थिमित्रहो, या मनुष्याला थोर म्हणावें कीं नाहीं, असा प्रश्न तुमच्यांतील कोणी मला वर्गांत विचारील. माझें उत्तर असें कीं, तो धैर्यवान होता, उदार होता, प्लेगच्या शहरांतून तो पळाला नाहीं, आणि रोमच्या प्रकरणांत खोट्याची बाजू त्यानें घेतली नाहीं. पामर्स्टनपुढें जो निश्चय त्याचा सद्गुण ठरला तोच निश्चय पनामांत त्याचा दुर्गुण ठरला. निश्चय तोच; फरक इतकाच कीं सुवेझच्या वेळीं त्याला दररोज आपली बाजू सिद्ध करावी लागत होती, आणि पनामाच्या वेळीं त्याला कोणी प्रश्न विचारीनासें झालें होतें. खर्चाचा हिशेब न करतां बुरूज बांधावयास घेणाऱ्याचा दृष्टांत आपण उपासनेच्या वेळीं ऐकतों. त्या दृष्टांतांतील मनुष्य स्वतःच हंसें करून घेतो. येथें मात्र हिशेब चुकला एकाचा आणि बुरूज कोसळला तो लाखोंच्या अंगावर.

तुमच्यांपैकीं कांहीं जण पुढें अधिकारी होतील, कांहीं कारखाने किंवा पेढ्या चालवितील. तेव्हां ज्यांच्या घामावर व ज्यांच्या पुंजीवर तुमचें काम उभें राहील त्यांची आठवण ठेवा, आणि होय म्हणणाऱ्या शंभरांत नाहीं म्हणणारा जो एक असेल त्याला जरा जवळ बसवून घ्या.